छोटी डिझेल एसयूव्ही घेताय? आधी किलोमीटर मोजा

शोरूममध्ये जाण्याआधी एक आकडा हातात ठेवा: तुमची गाडी महिन्याला किती किलोमीटर धावते. अंदाजाने सांगू नका. सध्याच्या गाडीच्या गेल्या दोन सर्व्हिसिंगच्या पावत्या काढा. दोन्हींवर तारीख आणि किलोमीटर लिहिलेले असतात. वजाबाकी करा, मधल्या महिन्यांनी भागा. पहिलीच गाडी असेल, तर घर ते ऑफिस, मुलांची शाळा, आठवड्याची खरेदी, गावच्या फेऱ्या असं कागदावर मांडा.

हा आकडा १,००० च्या खाली असेल आणि बहुतेक धावणं शहरातल्या शहरात असेल, तर डिझेल घेऊ नका. पेट्रोल घ्या, गॅसच्या पंपावरची रांग चालत असेल, तर सीएनजीही आहे. आकडा १,५०० च्या वर असेल आणि त्यात दर आठवड्याला हायवेची किंवा घाटाची एखादी फेरी असेल, तर डिझेलचा विचार जरूर करा. मधल्या लोकांनी पुढचा हिशेब स्वतःच्या आकड्यांनी करून बघावा.

पैसे किती किलोमीटरनंतर वसूल होतात?

एकाच गाडीचं, जवळपास सारख्या सोयींचं पेट्रोल व्हेरियंट ९ लाख ८० हजार एक्स-शोरूम आणि डिझेल ११ लाख आहे असं धरू. वरवर फरक १ लाख २० हजारांचा दिसतो. पण महाराष्ट्रात डिझेलवर रोड टॅक्स जास्त आहे. वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के आणि १० ते २० लाखांमध्ये १२ टक्के लागतो. डिझेलला तोच कर १३ आणि १४ टक्के. म्हणजे या पेट्रोल गाडीला कर १,०७,८०० रुपये आणि डिझेलला १,५४,०००. इथेच आणखी ४६,२०० रुपये वाढले. विम्यातला थोडा फरक धरला, तर डिझेलसाठी तुम्ही १ लाख ७० हजारांच्या आसपास जास्त मोजता.

आता इंधन. पेट्रोल १०४ रुपये, डिझेल ९० रुपये धरा. तुमच्या पंपावरचा भाव वेगळा असेल, तर तो घाला. शहर आणि हायवे मिळून पेट्रोल गाडी लिटरला १३ आणि डिझेल १७ किलोमीटर देते असं मानलं, तर पेट्रोलचा खर्च किलोमीटरला ८ रुपये आणि डिझेलचा ५ रुपये ३० पैसे. बचत किलोमीटरमागे २ रुपये ७० पैसे. जास्तीचे १ लाख ७० हजार त्यातून भरून निघायला साधारण ६३,००० किलोमीटर लागतात.

महिन्याला ८०० किलोमीटर चालवणाऱ्याला त्यासाठी साडेसहा वर्षं लागतील, १,२०० वाल्याला सव्वाचार वर्षांहून थोडं जास्त आणि २,००० वाल्याला अडीच वर्षांच्या थोडं वर. डिझेलचं सर्व्हिसिंग दर वर्षी थोडं महाग पडतं, ते वेगळं. जास्तीची रक्कम कर्जातून भरणार असाल, तर त्यावरचं व्याजही याच हिशेबात धरा.

कंपनीने जाहीर केलेलं मायलेज या गणितात कधीही घालू नका. ते चाचणीच्या ठरावीक परिस्थितीतलं असतं. त्यातून पाव भाग वजा करा. मुंबई-पुण्याच्या गर्दीत रोज चालवणार असाल, तर तिसरा हिस्सा.

फिल्टरचा प्रश्न: हा भाग सोडून पुढे जाऊ नका

इंधनाचा हिशेब बहुतेक जण करतात. नंतर महागात पडतो तो डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि आजच्या प्रत्येक नव्या डिझेल एसयूव्हीत हा फिल्टर आला. काजळी त्यात साठत जाते. ठरावीक पातळीनंतर गाडीचा संगणक जास्तीचं इंधन सोडून धुराचं तापमान सुमारे ६०० अंशांपर्यंत नेतो आणि काजळी जाळून टाकतो. त्यासाठी इंजिन पुरतं तापलेलं असावं लागतं आणि गाडी काही वेळ सलग धावावी लागते.

दोन-तीन किलोमीटरवर शाळा, तिथून परत, संध्याकाळी बाजार अशा फेऱ्यांत इंजिन नीट तापतच नाही. जाळण्याचं काम सुरू होतं आणि चावी फिरवली की अर्धवट राहतं. असं वारंवार झालं की आधी डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागतो. मग गाडीची ताकद आपोआप कमी होते. शेवटी सर्व्हिस सेंटरला जाऊन जबरदस्तीने सफाई करावी लागते, तिचं बिल हजारांत येतं. फिल्टरच बदलायची वेळ आली, तर खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. अर्धवट जळण्याच्या प्रकारात न जळलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं आणि इंजिनाची झीज वाढते.

दिवा लागला की घाबरू नका आणि दुर्लक्षही करू नका. मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० च्या वर, एखादा गिअर खालचा ठेवून, इंजिन मिनिटाला २,००० फेऱ्यांच्या वर राहील अशी १५ ते २० मिनिटं सलग चालवा. बहुतेक वेळा दिवा विझतो. नाही विझला तर त्याच आठवड्यात सर्व्हिस सेंटर गाठा. ऑइल मात्र कमी राख सोडणाऱ्या, डीपीएफला चालणाऱ्या दर्जाचंच वापरा. तो दर्जा मालकाच्या पुस्तिकेत लिहिलेला असतो. कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये चारशे रुपये वाचवून साधं ऑइल टाकलं, तर ते याच फिल्टरवर निघतं.

खरेदीच्या वेळी विक्रेत्याला तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं लेखी घ्या. डीपीएफ वॉरंटीत येतो का? वापरामुळे तुंबला तर कोण भरणार? जबरदस्तीच्या सफाईचा तुमचा दर किती? शहरातल्या छोट्या फेऱ्यांमुळे फिल्टर तुंबला, तर वॉरंटीचा दावा नाकारला जाण्याची शक्यता मोठी असते. रोज अडीच किलोमीटरवरच्या क्लिनिकला जाणाऱ्या डॉक्टरांना डिझेल घेऊ नका म्हणावं लागतं ते याचमुळे. त्यांचे महिन्याचे किलोमीटर कितीही झाले, तरी ते छोट्या फेऱ्यांतूनच होतात.

युरियाचं दुसरं टाकं

एप्रिल २०२३ मध्ये बीएस-६ चा दुसरा टप्पा आला आणि काही डिझेल गाड्यांत डीईएफची, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या द्रवाची टाकी वाढली. मेकॅनिक त्याला सरळ युरिया म्हणतात, पंपावर ॲडब्लू म्हणतात. गाडी बघताना डिझेलच्या झाकणाशेजारी निळं झाकण आहे का पाहा, नसेल तर विचारून घ्या. हा खर्च मोठा नाही. डिझेलच्या बिलासमोर किरकोळच. पण टाकी पूर्ण रिकामी झाली, तर बंद केलेली गाडी पुन्हा सुरू होत नाही. इशारा बराच आधी येतो, तेव्हा लांबच्या प्रवासाला निघण्याआधी टाकी भरून घ्या. सीलबंद, नावाजलेल्या कंपनीचंच द्रव घ्या. ते चुकून डिझेलच्या टाकीत पडलं, तर इंजिन सुरू करू नका, गाडी टो करून न्या.

गाड्या कोणत्या?

चार मीटरच्या आतल्या डिझेल एसयूव्ही आता मोजक्याच उरल्या आहेत. मारुतीने २०२० मध्ये डिझेल बंद केलं. फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. आज पाहण्यासारख्या गाड्या म्हणजे टाटा नेक्सॉन, महिंद्रा एक्सयूव्ही ३एक्सओ, ह्युंदाई व्हेन्यू, किया सोनेट, किया सिरोस आणि जरा वेगळ्या गरजेसाठी महिंद्रा बोलेरो निओ.

सगळ्यांचं इंजिन दीड लिटरचं आहे, त्यामागे कर आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबी आणि १,५०० सीसीपर्यंतचं डिझेल इंजिन असलेल्या गाडीला १८ टक्के जीएसटी लागतो. लांबी किंवा इंजिन यातलं काहीही त्याच्या वर गेलं की ४० टक्के. म्हणून ‘थोडे पैसे टाकून मोठी घ्या’ असा सल्ला मिळाला, तर ते थोडे पैसे किती आहेत ते आधी बघा. छोट्या डिझेलची सुरुवात साधारण ९ ते १० लाखांपासून होते. वरची व्हेरियंट १५ लाखांच्या पुढेही जातात. हे सगळे एक्स-शोरूम आकडे आहेत.

पाच माणसांच्या घरासाठी मागची सीट महत्त्वाची. त्यात ३एक्सओ पुढे आहे. तिच्या दोन चाकांमधलं अंतर २,६०० मिलिमीटर आहे आणि ३०० न्यूटन-मीटर टॉर्क या गटात जास्त आहे. कसारा, आंबोली, कुंभार्ली असे घाट सामानासकट चढायचे असतील, तर हा फरक जाणवतो. तिची रुंदी मात्र १,८२१ मिलिमीटर आहे. सोसायटीच्या पार्किंगची जागा टेपने मोजून घ्या. नेक्सॉन समतोल आहे. २६० न्यूटन-मीटर टॉर्क, २०८ मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स, ३८२ लिटरची डिकी. सोनेट चालवायला हलकी आणि सुटसुटीत, पण मागे तीन मोठी माणसं लांब जाणार असतील तर घेऊ नका. सिरोसमध्ये मागची सीट पुढे-मागे सरकते आणि जागा खरोखर मोकळी आहे. आजी-आजोबांना चढायला-उतरायला ती सोपी पडते. व्हेन्यूचं नवं रूप नोव्हेंबर २०२५ मध्ये आलं, त्यात डिझेलला ऑटोमॅटिक मिळतं. बोलेरो निओ मागच्या चाकांवर चालते. शेताचा, खडीचा रस्ता रोजचा असेल तर ती उपयोगी, पण ग्लोबल एनकॅपच्या २०२४ च्या सुरक्षा चाचणीत तिला एकच तारा मिळाला. मुलांना रोज घेऊन फिरायची गाडी म्हणून मी ती सुचवणार नाही. नेक्सॉन, ३एक्सओ आणि सिरोस यांना भारत एनकॅपमध्ये पाच तारे आहेत.

या गटातल्या बऱ्याच गाड्या महाराष्ट्रातच बनतात. नाशिक, रांजणगाव, तळेगाव. पण म्हणून त्या आपल्याकडे स्वस्त मिळतात असं नाही. रोड टॅक्स गाडी कुठे नोंदवली त्यावर ठरतो.

ऑटोमॅटिक घेणार असाल, तर त्यातला प्रकार विचारा. नेक्सॉन आणि ३एक्सओच्या डिझेलमध्ये एएमटी आहे. ती स्वस्त, पण गिअर बदलताना हलका झटका देते आणि घाटात चढणीवर थांबून निघताना अंगवळणी पडायला वेळ लागतो. सोनेट, सिरोस आणि व्हेन्यूत टॉर्क कन्व्हर्टर आहे. तो मऊ चालतो आणि महाग पडतो. क्लचचा पाय दुखतो म्हणून ऑटोमॅटिक घेत असाल, तर दोन्ही चालवून बघा, तेही संध्याकाळी सहाच्या गर्दीत. रविवारी सकाळच्या मोकळ्या रस्त्यावरच्या टेस्ट ड्राइव्हला काही अर्थ नाही. घरच्यांना सोबत न्या, सगळे बसा, एसी पूर्ण लावा आणि जवळचा उड्डाणपूल चढून बघा.

कोटेशनमधली प्रत्येक ओळ

ऑन-रोड किंमत एका आकड्यात सांगितली, तर ऐकून घ्या आणि ओळीनुसार कोटेशन मागा. ११ लाखांच्या डिझेल गाडीसाठी ते साधारण असं दिसलं पाहिजे: एक्स-शोरूम ११,००,०००, रोड टॅक्स १४ टक्क्यांनी १,५४,०००, टीसीएस १ टक्का, ११,०००, नोंदणी ६००, स्मार्ट कार्ड २००, कर्ज असेल तर बोजा नोंदवण्याचे १,५००, विमा ४० ते ५० हजार, फास्टॅग पाच-सहाशे. बेरीज १३ लाख १० हजारांच्या आसपास. यापेक्षा बराच मोठा आकडा आला, तर त्यात काहीतरी मिसळलेलं आहे.

टीसीएस हा खर्च नाही. १० लाखांवरच्या गाडीला तो लागतो, तुमच्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्रात वळता करून घेता येतो. पॅन क्रमांक बिलावर बरोबर लिहिलाय का एवढं तपासा. घरात ज्याचा कर भरला जातो त्याच्या नावावर गाडी घेतली, तर हे पैसे सहज सुटतात.

दहा लाखांची रेघ नीट बघा. रोड टॅक्सचा वाढीव दर फक्त वरच्या रकमेवर नाही, पूर्ण किमतीवर लागतो. ९,९८,००० च्या डिझेल गाडीला कर १,२९,७४० रुपये. १०,०५,००० च्या गाडीला १,४०,७००. सात हजारांनी महाग व्हेरियंट घेतलं की करात जवळपास अकरा हजार वाढले आणि वर दहा हजारांचा टीसीएस अडकला. सनरूफसाठी किंवा मोठ्या स्क्रीनसाठी ही रेघ ओलांडताय का, ते बघा. आणखी एक: गाडी कंपनीच्या नावावर नोंदवली, तर महाराष्ट्रात रोड टॅक्स २० टक्के लागतो. छोट्या व्यावसायिकांनी सीएला विचारल्याशिवाय तो निर्णय घेऊ नये.

ज्यांची बदली राज्याबाहेर होत राहते आणि जे केंद्र सरकारच्या, बँकेच्या किंवा चार किंवा त्याहून जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या कंपनीच्या नोकरीत आहेत, त्यांनी बीएच मालिकेच्या नोंदणीची चौकशी करावी. त्यात पंधरा वर्षांऐवजी दोन-दोन वर्षांचा कर भरता येतो.

आता ज्या ओळी कोटेशनमध्ये असू नयेत त्या. हँडलिंग किंवा लॉजिस्टिक चार्जेस, काही हजारांपासून पुढे: काढायला सांगा. गाडी शोरूमपर्यंत आणण्याचा खर्च एक्स-शोरूम किमतीत आधीच धरलेला असतो. आरटीओ एजंट किंवा फाइल चार्जेस: नव्या गाडीची नोंदणी डीलरच ऑनलाइन करतो, तुम्हाला आरटीओत जावं लागत नाही, मग फाइल कसली? नंबर प्लेटचे वेगळे पैसे: २०१९ पासून हाय सिक्युरिटी प्लेट नव्या गाडीसोबत कंपनीकडूनच येते. ‘एसेन्शियल किट’: मडफ्लॅप, फ्लोअर मॅट, सीट कव्हर मिळून वीस हजार. त्यातल्या बहुतेक वस्तू बाहेर निम्म्यात मिळतात. अंडरबॉडी कोटिंग, टेफ्लॉन, सिरॅमिक: गाडीला गंजरोधक प्रक्रिया कारखान्यातच झालेली असते. कोकणात, समुद्राजवळ राहत असाल तर कोटिंगचा विचार करा, पण शोरूमच्या दराने नको.

भाव ठरवताना एक युक्ती ओळखून ठेवा. ‘चाळीस हजारांची सूट’ द्यायची आणि तेच पैसे विमा, किट आणि हँडलिंगमधून परत घ्यायचे. म्हणून दोन-तीन डीलरांकडून ओळीनुसार कोटेशन घ्या आणि शेवटची बेरीज ताडून बघा. कॉर्पोरेट सवलत बऱ्याच जणांना माहीत नसते. नोकरीच्या ठिकाणचं ओळखपत्र दाखवलं की काही हजार सुटतात. शिक्षक, डॉक्टर, सरकारी नोकर यांनी हमखास विचारावं.

पाडवा, अक्षय्य तृतीया आणि दसऱ्याला गाडी घरी आणायची असेल, तर बुकिंग महिनाभर आधी करा. मुहूर्ताच्या आठवड्यात सूट कमी मिळते, डिलिव्हरीची गर्दी असते आणि गाडी तपासायला कोणी वेळ देत नाही. पितृपक्षात आणि वर्षअखेरीला डीलर सूट द्यायला तयार असतो. वर्षअखेरीची गाडी घेताना निर्मितीचा महिना मात्र बघा. विकताना तेच वर्ष मोजलं जातं.

विमा: घाई करू नका

विमा डीलरकडूनच घेतला पाहिजे असा नियम नाही. नकार दिला तर डिलिव्हरी लांबेल असं सांगितलं, तर तसं लेखी मागा. विषय तिथेच संपतो. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. १,००० ते १,५०० सीसीच्या गाडीला तो १०,६४० रुपये, वर जीएसटी. हा दर सरकारी आहे, सगळ्या कंपन्यांत सारखाच. फरक पडतो तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात आणि ॲड-ऑनमध्ये. तो भाग एका वर्षाचाच घ्या, तीन वर्षांचा घेण्याची सक्ती नाही. पहिली पाच वर्षं झिरो डेप्रिसिएशन घ्या. मुंबई, ठाणे, वसई, कोल्हापूर, सांगलीसारख्या पाणी भरणाऱ्या भागात इंजिन प्रोटेक्ट घ्याच. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केल्यावर झालेलं नुकसान साधी पॉलिसी देत नाही. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा दुसऱ्या गाडीवर आधीच असेल, तर दुसऱ्यांदा पैसे देऊ नका.

आणि नो क्लेम बोनस. जुनी गाडी विकताय किंवा एक्सचेंजला देताय, तर तिच्यावरचा बोनस तुमचा आहे, गाडीचा नाही. पाच वर्षं क्लेम नसेल, तर तो ५० टक्के असतो. विमा कंपनीकडून राखीव पत्र घ्या, तीन वर्षं चालतं, आणि नव्या पॉलिसीत लावा. नव्या गाडीवर दहा-बारा हजार सहज वाचतात. डीलर हे स्वतःहून सांगत नाही.

कर्ज आणि कागद

९ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता १८,६८० च्या आसपास. सात वर्षांसाठी १४,४८०. हप्ता चार हजारांनी कमी झालेला दिसतो आणि एकूण व्याज ९५ हजारांनी वाढतं. डिझेलची सगळी बचत त्यातच संपेल. शोरूममधल्या टेबलावर सही करण्याआधी तुमचा पगार जिथे जमा होतो त्या बँकेचा दर विचारा. प्रोसेसिंग फी, मुदतीआधी फेडण्याचा दंड आणि कर्जासोबत गळ्यात मारला जाणारा विमा, या तीन गोष्टी लेखी घ्या. दर फ्लोटिंग असेल, तर वैयक्तिक कर्जदाराला मुदतीआधी फेडण्याचा दंड लागत नाही.

कागद असे: आधार, पॅन, दोन फोटो, नॉमिनीचं नाव आणि जन्मतारीख. भाड्याच्या घरात राहत असाल, तर नोंदणीकृत करार. कर्जासाठी तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, सहा महिन्यांचं बँक विवरण. व्यवसाय असेल, तर दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं. कोऱ्या फॉर्मवर सह्या करू नका. बुकिंगचा धनादेश किंवा ऑनलाइन रक्कम डीलर कंपनीच्या खात्यातच द्या, विक्रेत्याच्या वैयक्तिक यूपीआयवर कधीही नाही. बुकिंग रद्द केलं तर किती कापणार, ते पावतीवर लिहून घ्या.

जुनी गाडी एक्सचेंजला देताना फॉर्म २९ आणि ३० वर सही झाली म्हणजे काम झालं असं समजू नका. डिलिव्हरी नोट घ्या, तारीख आणि वेळेसह. आरसी नव्या मालकाच्या नावावर गेली का, ते महिन्याभराने परिवहनच्या संकेतस्थळावर बघा. तोवर त्या गाडीचे चलन आणि अपघात तुमच्या नावावर येऊ शकतात.

गाडी तपासा, मगच उरलेले पैसे द्या

नोंदणीआधी गाडी यार्डात जाऊन बघण्याचा आग्रह धरा. नोंदणी झाली की बदलून मिळणं जवळपास अशक्य. दिवसाच्या उजेडात जा. चासी क्रमांकाच्या पट्टीवर निर्मितीचा महिना, ओडोमीटर, चारही टायरवरची तारीख, स्टेपनी आणि जॅक, रंगात तफावत, दारांमधल्या फटी, काचांवरचे क्रमांक. गाडी सुरू करून दहा मिनिटं एसी चालवा, डॅशबोर्डवर एकही इशाऱ्याचा दिवा राहायला नको. चासी आणि इंजिन क्रमांकाचा फोटो काढा आणि बिलाशी जुळवा.

कर्ज मंजूर असेल आणि गाडी यार्डात असेल, तर बुकिंगपासून डिलिव्हरीपर्यंत साधारण आठवडा लागतो. आरसीचं कार्ड नंतर टपालाने येतं, तोवर डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली आरसी चालते. रोड टॅक्सची पावती मात्र हातात घ्या. कोटेशनमध्ये घेतलेला कर आणि भरलेला कर यात फरक असेल, तर तो तुम्हाला परत मिळाला पाहिजे. अनेकांचे दोन-चार हजार इथेच राहतात, कारण कोणी विचारत नाही.

फास्टॅग नव्या गाडीसोबत मिळतो. पुणे-सातारा-कोल्हापूरसारख्या राष्ट्रीय महामार्गावर तुमच्या नेहमीच्या फेऱ्या असतील, तर खाजगी गाड्यांचा वार्षिक पास बघा. ऑगस्ट २०२५ मध्ये तो ३,००० रुपयांना, २०० फेऱ्यांसाठी किंवा वर्षभरासाठी सुरू झाला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर तो चालत नाही.

डिझेलसाठी एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यावी, असं माझं मत आहे. टर्बो, इंजेक्टर, सेन्सर यांतला एकेक भाग तिच्या किमतीपेक्षा महाग असतो. ती खरेदीच्या दिवशीच घ्यायची गरज नसते. मूळ वॉरंटी संपण्याआधी घेता येते, मात्र दर वाढत जातो. डिझेल फिल्टर वेळेवर बदला, अनोळखी पंपावर टाकी फुल करू नका.

सेकंड हँड बघत असाल तर

२०१६ ते २०२० मधली मारुतीची डिझेल ब्रेझा बीएस-४ आहे, डीपीएफची कटकट नाही, म्हणून तिला अजून मागणी आहे. पण तिची पंधरा वर्षांची नोंदणी किती उरली ते किमतीत धरा. दिल्लीहून आलेली डिझेल गाडी स्वस्त दिसते, कारण तिथे दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले. तिला एनओसी, इथली फेरनोंदणी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स लागतो. हे सगळं धरून किंमत ठरवा आणि एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. कोणतीही बीएस-६ डिझेल जुनी घेताना अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावून डीपीएफमधल्या काजळीची पातळी बघून घ्या. फिल्टर कापून काढलेला असेल, तर गाडी घेऊ नका. पीयूसीपासून वॉरंटीपर्यंत सगळीकडे अडकाल.

गाडी नवी असो की जुनी, डीलर कराचे किंवा बुकिंगचे पैसे परत देत नसेल, तर आधी ईमेलने लेखी मागणी करा आणि कंपनीच्या ग्राहक विभागाला प्रत पाठवा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार ई-जागृतीवर ऑनलाइन करता येते, वकील लागतोच असं नाही. १० ते २० लाखांच्या खरेदीसाठी शुल्क ४०० रुपये आहे. मुदत दोन वर्षांची. तोवर कोटेशन, बुकिंगची पावती, बिल, कर भरल्याची पावती आणि विक्रेत्याशी झालेले व्हॉट्सॲप संदेश, सगळं एकाच फाइलमध्ये ठेवा.